चित्रकलेचा तास काढून ध्यानाचा तास?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये मध्यंतरी एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शाळेत चित्रकला, हस्तकला, गाणं या तासांना मुलं नुसते हवेत मनोरे बांधायला शिकतात, मन आधीच मोबाईलने सैरभैर झालंय त्यात आणखी कल्पनेचे घोडे कशाला, त्यापेक्षा तो तास काढून ध्यानाचा तास ठेवा, मुलं शांत होतील आणि अध्यात्माचे संस्कारही होतील. पत्र तळमळीने लिहिलेलं होतं हे कळत होतं त्यामुळे राग काही आला नाही, पण दोन दिवस ते डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसले. मी काही अभ्यासक वगैरे नाही, शिवणाचे क्लास घेते, माहेर येवल्याचं, सासर पंचवटीतलं, घरात पोथ्या वाचायची पद्धत आहे आणि वाचनालयातून पुस्तकं आणायची सवय आहे, तेवढ्या जोरावर लिहितेय. फार लांबलं तर कात्री लावा, कात्रीचं मला काही वाटत नाही, माझा धंदाच तो आहे.

आधी त्यांच्याच बाजूने बोलते कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहेच. पतंजलींनी योगसूत्रात मनाच्या पाच वृत्ती सांगितल्यात, प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती, त्यातला विकल्प म्हणजे शब्दामागे धावणारं पण खाली वस्तूचा आधारच नसलेलं असं ज्ञान, आणि या सगळ्या वृत्तींचा निरोध म्हणजे योग. म्हणजे कल्पना ही थांबवायच्या यादीतली गोष्ट झाली. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं, आपल्याच नाशकात, टाकळीला, नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर बारा वर्षं तप केलेले समर्थ रामदास मनाच्या श्लोकात स्पष्ट सांगतात, ‘मना कल्पना कल्पितां कल्पकोटी, नव्हे रे नव्हे सर्वथा रामभेटी’. आता समर्थच असं म्हणतात म्हटल्यावर बोलायला जागा कुठे राहते, असं कुणालाही वाटेल.

पण श्लोक तिथे संपत नाही ना. पुढे आहे, ‘मनीं कामना राम नाहीं जयाला, अती आदरें प्रीति नाहीं तयाला’. म्हणजे राग कशावर आहे ते बघा, ज्या कल्पनेत राम नाही आणि प्रेम नाही, नुसती चक्रं फिरतायत, तिच्यावर आहे. आणि ही चक्रं कोणती ते आपल्या सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आपण किती भांडणं जिंकतो! ती असं म्हणाली तर मी तसं म्हणेन, मग ती गप्प बसेल, मग सगळे माझ्याकडे बघतील. झोप जाते, सकाळी ती समोर येते आणि आपण काहीच बोलत नाही, चहा पितो. ही पण कल्पनाशक्तीच की, आणि भलतीच तल्लख, पण तिच्यात सगळीकडे मीच असते, बाकीची माणसं नुसती माझं ऐकायला उभी केलेली. अशी कल्पना कोटी कल्प केली तरी राम काय, शेजारीणसुद्धा भेटणार नाही.

आणि तेच समर्थ दासबोधाच्या पहिल्याच दशकात कवींना वंदन करायला एक अख्खा समास देतात. ‘आतां वंदूं कवेश्वर, शब्दसृष्टीचे ईश्वर’. ईश्वर म्हणतात हो, साधं कौतुक करून सोडत नाहीत. कल्पना मुळातच टाकाऊ असती तर हा शब्द त्यांनी वापरला असता का? तेव्हा भटकणारं मन आणि घडवणारं मन ही दोन्ही एकाच पारड्यात टाकू नयेत, एवढंच मला त्या गृहस्थांना सांगायचंय. बाकीचं पत्र म्हणजे त्याचाच विस्तार समजा.

आमच्या सासूबाई शेवटी शेवटी अंथरुणाला खिळून होत्या. आयुष्यभर श्रावणी सोमवारी त्र्यंबकला जायचा नेम, तो सुटला याचं त्यांना फार वाईट वाटायचं. मग त्यांनी मानसपूजा सुरू केली. सकाळी आठच्या सुमारास डोळे मिटायच्या आणि घरातून निघायच्या, सातपूर गेलं, महिरावणी गेली, डावीकडे अंजनेरीचा डोंगर लागला, ढग असतील तर ढगसुद्धा बघायच्या, मग त्र्यंबक, कुशावर्तावर पाय धुवायचे, बेल घ्यायचा, आणि हे सगळं मनातल्या मनात, ओठ तेवढे हलायचे. मी चहा घेऊन गेले की डोळे न उघडता बोट वर करायच्या, ‘थांब गं, अजून रांगेत आहे मी.’ मला हसू यायचं. म्हटलं, आई, मनातच जायचंय तर थेट गाभाऱ्यात जा की, तिथे कोण अडवतंय तुम्हाला? तर म्हणाल्या, ‘वा गं वा, आणि बाकीचे एवढे उभेत ते?’

मी त्यावर खूप विचार केलाय. स्वतःच्या मनातल्या रांगेत, जिथे एक चिटपाखरू नाही, तिथेसुद्धा ही बाई दुसऱ्याचा नंबर मोडत नव्हती. याला मन सैरभैर होणं म्हणायचं की ध्यान म्हणायचं? आणि ही काही त्यांनी काढलेली पद्धत नाही, आदि शंकराचार्यांच्या नावाने चालत आलेलं शिवमानसपूजा म्हणून स्तोत्र आहे, त्याची सुरुवातच ‘रत्नैः कल्पितमासनम्’ अशी आहे, रत्नांचं आसन, हिमजलाचं स्नान, दिव्य वस्त्र, सगळं मनाने रचलेलं आणि सगळं देवाला दिलेलं. खिशात दमडी नसली तरी चालतं. ध्यानाच्या तासाला मुलांना डोळे मिटायला सांगाल ते ठीक आहे, पण डोळे मिटल्यावर आत काहीतरी बघता यायला हवं ना, ते बघायला ती कुठे शिकणार? बाहेरचं नीट बघून ते हाताने काढायचा सराव असलेल्या मुलाला आतलंही जास्त स्पष्ट दिसत असेल असं मला आपलं वाटतं.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य आणि जनक यांचा संवाद आहे, त्यात स्वप्नाबद्दल एक जागा आहे ती मला अतिशय आवडते. याज्ञवल्क्य म्हणतात, तिथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात, पण हा स्वप्न बघणारा रथ, घोडे, रस्ते निर्माण करतो, तिथे तळी नसतात, नद्या नसतात, हा तळी आणि नद्या निर्माण करतो, कारण हाच कर्ता आहे, ‘स हि कर्ता’. केवढी मोठी गोष्ट किती सहज सांगून टाकलीय बघा. बाहेरचं काहीही सामान न घेता आख्खं जग उभं करायची ताकद माणसाच्या आत आहे आणि ती रोज रात्री फुकटात आपल्याला दिसते, शहाण्याला आणि वेड्यालाही. आता पुढे जाऊन उपनिषद त्या स्वप्नाच्याही पलीकडे नेतं हे खरं, गाढ झोप, मग त्याच्याही पलीकडचं, पण जाताना ते स्वप्नाला शिवी देत नाही, त्यातून वाट काढतं.

मग प्रश्न असा येतो, की देवाने तरी जग का घडवलं? त्याला काय कमी होतं? ब्रह्मसूत्रात याचं उत्तर आहे, ‘लोकवत्तु लीलाकैवल्यम्’, नुसती लीला, खेळ, कशासाठीही नाही. आणि आपल्या त्र्यंबकला ज्यांची समाधी आहे, पौष वद्य एकादशीला जिथे दिंड्या येतात, त्या निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी अमृतानुभव लिहिला असं आपण मानतो, त्यात तर हे जग म्हणजे चैतन्याचाच विलास, चिद्विलास, असं सांगितलंय. जग म्हणजे कुणाची तरी चूक, नुसता भास, लवकर पुसून टाका अशी भाषाच नाही, उलट एकच तत्त्व स्वतःला बघायच्या हौसेने द्रष्टा पण झालं आणि दृश्य पण झालं. हे खरं मानलं तर पोरगं खडू घेऊन जमिनीवर बसतं आणि कशासाठी ते माहीत नसताना काढत सुटतं तेव्हा ते देवाच्या सगळ्यात जवळचं काम करत असतं असं म्हणायला काय हरकत आहे? आणि आपण काय करतो, तर विचारतो याचे मार्क किती. (एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना पालक आता मुलांना का बसवतात ते सगळ्यांना माहीत आहे, दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून. क्लासवाले तर एक निसर्गचित्र, एक स्मरणचित्र घोटून घेतात, डोंगर, नदी, झोपडी, दोन बगळे. बगळ्यांनासुद्धा कंटाळा आला असेल.)

पण लीला म्हणजे मन मानेल ते करा असंही नाही, आणि इथे त्या गृहस्थांचा गैरसमज झालाय असं मला वाटतं. त्यांना वाटतं कलेच्या तासाला मन मोकाट सुटतं. त्यांनी एकदा येवल्याला जावं. आमच्या माहेरच्या गल्लीत घरोघरी माग होते, लहानपणी मी तासन्‌तास ओट्यावर बसून बघायचे. अस्सल पैठणीचा पदर विणताना एक धोटा इकडून तिकडे सटासट जात नाही, पदरावर जेवढे रंग तेवढ्या वेगवेगळ्या बारीक कांड्या ताण्यावर लोंबत असतात, मोराच्या मानेचा निळा संपून शेजारची जरीची तार जिथे सुरू होते तिथे दोन धागे एकमेकांत अडकवून घ्यायचे, पुढचे तार बोटाने मोजायचे, पुन्हा अडकवायचे. म्हणून ती मागून पुढून सारखी दिसते, उलटी बाजू शोधावी लागते. एक तार चुकला तर मोराचा डोळा मानेत उतरतो. आणि एवढ्या बंधनात राहूनसुद्धा दोन घरांचे मोर सारखे निघत नाहीत, एकाचा मोर ऐटीत, दुसऱ्याचा बिचारा पाऊस बघतोय असा. एका काकांना मी विचारलं होतं, काका, इतका वेळ तुमच्या डोक्यात काय चालतं हो? ते म्हणाले, ‘काय चालायचं, तार चालतात.’

तार चालतात. ध्यान म्हणजे आणखी काय असतं मग? मन एका जागी ठेवा म्हणून वर्गात ओरडून ठेवलं जात नाही, पण हाताला काम दिलं आणि ते काम मनापेक्षा जरा अवघड असलं की मन आपोआप येऊन हातात बसतं. आमच्या क्लासमध्ये हेच बघते, घरी सासूशी भांडून आलेली मुलगी पहिली पंधरा मिनिटं धुसफुसत असते, मग बाहीचा गोल बसवायला घेतला की चेहरा बदलतो. जुन्या साहित्यशास्त्रातही मम्मटाने काव्य कशातून होतं ते सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास असं तिन्ही मिळून एकच कारण सांगितलंय, तीन सुटी कारणं नाहीत. म्हणजे नुसती आतून आलेली लहर नाही, लोकांचं आणि शास्त्राचं निरीक्षण पाहिजे आणि जाणत्याजवळ बसून घोटणं पाहिजे. समर्थांच्या हातचं म्हणून मानलेलं वाल्मीकी रामायण धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात जपून ठेवलंय. टाकळीच्या तपाच्या काळात त्यांनी ते लिहून काढलं असं सांगतात. दुसऱ्याचं महाकाव्य अक्षर अक्षर उतरवलं, आणि मग कधीतरी स्वतःचं आलं.

आपल्याकडचं दुसरं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा, शेवट नाशकात, १९४४ ला, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. लोकांना त्यांचा राजा हरिश्चंद्र माहीत असतो, १९१३ चा, पण मला त्याच्या आधीची गोष्ट जास्त मोलाची वाटते. सिनेमा काढायचा तर पैसे पाहिजेत आणि पैसे लावणाऱ्याला खात्री पटायला पाहिजे, म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभर त्या दाण्यावर नजर ठेवली. पडद्यावर लावलं तेव्हा लोकांच्या डोळ्यांदेखत दाण्यातून कोंब आला, वेल झाला, भराभरा वर चढला. आता बघा, वाटाणा सगळ्यांच्याच परसात उगवतो, उगवताना कुणीच कधी बघितलेला नसतो. त्यांनी काहीही खोटं दाखवलं नाही, फक्त जे इतकं हळू होतं की माणसाला दिसतच नाही ते दिसेल असं केलं. कल्पनाशक्ती म्हणजे नसलेलं बघणं असं आपण समजतो, इथे तर ती असलेलंच बघण्यासाठी लागली. आणि महिनाभर एका कोंबासमोर बसायला किती स्वस्थ मन लागत असेल. (जाता जाता, त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोकं पाडायच्या, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. त्यांच्या ध्यानाबद्दल कुणी लिहीत नाही.)

आता एक नाजूक मुद्दा, तो म्हणजे मीपणाचा. कुणी म्हणेल कलाकार तर सगळ्यात अहंकारी असतात, बघा तुमचे साहित्य संमेलनातले वाद, यात कसलं अध्यात्म. खरंय. मी नाकारत नाही, रांगोळीच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून गेले होते तिथे पण हेच, दुसरीच्या रांगोळीवर पाय पडला तर बरं असे चेहरे. पण तुकोबांचं बघा, ‘आपुलिया बळें नाहीं मी बोलत, सखा कृपावंत वाचा त्याची’. आणि पुढे साळुंकीचं उदाहरण देतात, ती गोड बोलते खरी पण शिकवणारा धनी वेगळाच आहे. एवढे अभंग लिहून हे म्हणायचं म्हणजे नुसता विनय नाही, मला वाटतं तो अनुभव आहे, आणि कमी जास्त प्रमाणात ज्याने मनापासून काही केलंय त्या प्रत्येकाला तो येतो. चांगली जागा सापडते तेव्हा आपण ती काढली असं वाटतच नाही, ती होती आणि आपल्या हातून निघाली असं वाटतं. अहंकार नंतर येतो, हार घातल्यावर.

समर्थांनी दासबोधात चौदाव्या दशकात कवित्वाचे प्रकार सांगितलेत, धीट, पाठ आणि प्रासादिक. धीट म्हणजे मनात आलं ते धीटपणे बळेच रचलेलं, दिसलं की केलं वर्णन. पाठ म्हणजे पुष्कळ ग्रंथ वाचून, पाठांतर करून, त्याच्यासारखंच उतरवून काढलेलं. आणि प्रासादिक ते, की ज्यात वैराग्य आहे, भक्ती आहे, माणूस आतून पालटलाय आणि मग सहज जे बोलेल तेच काव्य होतं. हे मी हल्ली वाचलं तेव्हा एकदम हसूच आलं, कारण आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर रोज एक नवा अभंग येतो, मोबाईलला सांगितलं की तो करून देतो, विठ्ठल आहे, वीट आहे, चंद्रभागा आहे, यमक तर असं चोख की नाव ठेवायला जागा नाही. जगातलं सगळं ग्रंथांतर बघून तयासारिखा उतार! पाठ कवित्वाचं इतकं शुद्ध उदाहरण समर्थांनासुद्धा मिळालं नसतं. मी त्या मशीनच्या विरोधात नाही, मी पण क्लासची जाहिरात त्याच्याकडूनच करून घेतली. पण अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं तेव्हा कुणीतरी त्या शब्दांची किंमत मोजलेली असते, दुष्काळ बघितलेला असतो, घरातली माणसं गेलेली असतात. मोबाईलचा अभंग वाचून आमच्या मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, छान आहे पण कुणाला काय झालंय ते कळत नाही. याहून चांगली समीक्षा मी वाचलेली नाही.

आणि निर्माण करणारा एकटाच नसतो, घेणाऱ्याकडेही प्रतिभा लागते. राजशेखर या जुन्या संस्कृत पंडिताने काव्यमीमांसा या ग्रंथात प्रतिभेचे दोन भाग केलेत, कारयित्री आणि भावयित्री, करणाऱ्याची आणि अनुभव घेणाऱ्याची. ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला श्रोत्यांना काय मागतात, तर अवधान. ‘अवधान एकलें दीजे, मग सर्वसुखासि पात्र होईजे’. बाकी काही देऊ नका. आपल्या शाळांमध्ये मुलांची कारयित्री कशीबशी तग धरून आहे, मला काळजी वाटते ती मोठ्यांच्या भावयित्रीची.

का ते सांगते. माझा नातू पाचवीत आहे. पावसाळ्यात शाळेत ‘पूर’ असा विषय चित्राला दिला होता. नाशिकचं पोरगं पूर काढणार म्हणजे गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती काढणार हे ठरलेलंच, पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं यावरच तर आपण पूर मोजतो. याने पाणी छातीपर्यंत दाखवलं, तपकिरी खडूने, कारण गोदावरी पुराची मातकटच असते, आणि मारुतीच्या खांद्यावर एक भिजलेलं कुत्रं बसवलं. मारुतीचा एक हात वर करून कुत्र्याला धरलेला. सरांनी लाल पेनने शेरा मारला, ‘मूर्ती हात हलवते का? पाणी निळे दाखवावे.’ सर वाईट नाहीत, वर्गात साठ मुलं, घाईत तपासलं असेल, म्हणून शाळेचं नाव घेत नाही. पण मी नातवाला विचारलं, कुत्रं का रे काढलंस? तर तो म्हणाला, घाटावरची कुत्री पुरात कुठे जातात ते कुणीच सांगत नाही, मग मी त्याला वर ठेवलं.

संपादक महोदय, मी इतकी वर्षं पूर बघायला जाते, पुलावर उभी राहून पाणी कुठपर्यंत आलं ते बघते, फोटो काढते, फॉरवर्ड करते. कुत्री कुठे जातात हे माझ्या मनात आलं नव्हतं. त्याच्या आलं, आणि आलं म्हणून नुसतं हळहळून थांबला नाही, त्याच्या हातात जे होतं, एक कागद आणि चार खडू, त्यात त्याने सोय केली. नामदेवांच्या पानातली पोळी घेऊन कुत्रं पळालं तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस देवा म्हणून, ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो आणि माना डोलावतो. कुत्र्यात विठ्ठल दिसला याला कुणी नामदेवांचे कल्पनेचे घोडे म्हणत नाही, आपण त्याला दृष्टी म्हणतो. मग पाचवीतल्या मुलाला लाल शेरा का? दुसऱ्या जिवाला आत काय होत असेल ते आपल्याला कधीच थेट कळत नाही, कल्पनेनेच तिथे पोचावं लागतं, दुसरा रस्ताच नाही. सासूबाई मनातल्या रांगेत दुसऱ्याचा नंबर मोडत नव्हत्या ते याच रस्त्यावरून. करुणा म्हणून जे काही आपण अध्यात्मात सांगतो त्याचं पहिलं पाऊल हे आहे, आणि त्या गृहस्थांना हाच तास बंद करायचाय!

ध्यानाला माझा विरोध नाही हे पुन्हा सांगते. ठेवा ना ध्यानाचा तास, पण तो पहिला ठेवा आणि लगेच त्याला लागून चित्रकलेचा ठेवा, डोळे मिटून बसा आणि मग जे दिसलं ते काढा, किंवा काही दिसलं नाही तर कोरा कागद द्या, तोही तपासायला घ्या. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, कला आणि बाकीचे विषय यांच्यात भिंत नको असं लिहिलेलंच आहे, नवीन काही मागायचं नाहीये. फक्त चित्राला निळं पाणी आणि हिरवी झाडं असा नमुना देऊ नका. ज्या शाळांत कलाशिक्षकाची जागा रिकामी आहे आणि तो तास गणिताला जातो तिथल्या पालकांनी सभेत उठून विचारायला हवं, मी आमच्याकडच्या सभेत विचारणार आहे. सिंहस्थ २०२७ चा जवळ आलाय, सगळं शहर रस्ते आणि पूल यात गुंतलंय, भिंती रंगवायची कामंही निघतीलच, तर त्यातल्या दोन भिंती गोदाघाटाजवळ महापालिकेने शाळेच्या मुलांना द्याव्यात, छापील स्टेन्सिल न देता.

आणि आपल्याला एक विनंती, रविवारच्या पुरवणीत मुलांची चित्रं छापता ती फार गुळगुळीत असतात, स्पर्धेत नंबर आलेलीच येतात. कधीतरी शेरा पडलेली मागवा. आमच्याकडचं एक तयार आहे, लाल पेनसकट पाठवते, फक्त छापून झालं की परत द्या, नातवाला ते कपाटाच्या दारावर लावायचंय.

कळावे,
आपली एक वाचक,
पंचवटी, नाशिक